बिल पासिंगला आहे

पैसे बुडवणारा ग्राहक ‘देणार नाही’ असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘बिल पासिंगला आहे.’ पंधरा दिवसांनी फोन केला तर साहेबांची सही राहिलेली असते. मग साहेब टूरवर असतात. मग वरून पेमेंट आलेलं नसतं. मग तुमची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सिस्टिममध्ये दिसत नाही, चलनाची कॉपी पुन्हा पाठवा. ती तिसऱ्यांदा पाठवली की कळतं, ते काम बघणारा माणूस नोकरी सोडून गेलाय आणि नव्या माणसाला काहीच माहीत नाही. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जाऊन विचारा. वाक्यं हीच, आणि क्रमही बहुधा हाच.

हा विसरभोळेपणा नाही. ज्या कंपनीच्या अकाउंट्सला स्वतःच्या येण्यातला एकेक रुपया तारखेसकट पाठ असतो, तिला देण्याची तारीख विसरता येत नाही. सप्लायरचं बिल चार महिने थांबवलं की तेवढ्या रकमेचं कर्ज बँकेकडून काढावं लागत नाही. त्याचं व्याज वाचतं. वर्षअखेरीला खेळतं भांडवल नीट सांभाळलं म्हणून कुणाचा तरी सत्कारही होतो. ते भांडवल आलेलं असतं आठ कामगारांच्या एका पत्र्याच्या शेडमधून, आणि शेडच्या मालकाला कुणी विचारलेलं नसतं.

हिशेब मांडून बघा. एका छोट्या वर्कशॉपने १० लाखांचे यंत्राचे सुटे भाग करून दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल झालं ११ लाख ८० हजारांचं. माल गेला, चलनावर शिक्का बसला. पुढच्या महिन्यात ७ तारखेच्या आत पगार करायचे. १५ ला पीएफ आणि ईएसआय भरायचा. २० ला जीएसटीचं रिटर्न. मधेच बँकेचा हप्ता, मधेच महावितरणचं बिल. यातली एकही तारीख कुणासाठी थांबत नाही. बिलावरचा १ लाख ८० हजारांचा कर, स्वतःचं इनपुट वजा जाता जेवढा उरेल तेवढा, वर्कशॉपवाला खिशातून भरतो. ग्राहकाकडून अजून एक पैसा आलेला नसतो. आणि ग्राहक मात्र त्याच बिलावर पूर्ण १ लाख ८० हजारांचं क्रेडिट घेऊन मोकळा झालेला असतो.

आता हे पैसे सहा महिने अडकले असं धरा. बारा टक्क्यांची कॅश क्रेडिट असेल तर व्याज झालं ७०,८०० रुपये. या कामात नफा दहा टक्के धरला, म्हणजे लाखभर, तर त्यातले सत्तर हजार ग्राहकाच्या सोयीसाठी बँकेला गेले. सहा महिने मशिन चालवायचं, माणसं सांभाळायची, रिजेक्शन अंगावर घ्यायचं, आणि हातात उरायचे तीस हजारांच्या आत. मुद्दल बुडण्याची गोष्ट अजून मी काढलेलीही नाही.

कायदा नाही म्हणून हे चालतं, असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांवर व्याज द्यायला लावणारा कायदा १९९३ मध्येच झाला. तो २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सामावला गेला, आणि त्यातली कलमं वाचली तर ती सप्लायरच्या बाजूने इतकी ठाम आहेत की वाचणारा चकित होतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेतली तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही ठरलेली मुदत कितीही लांबवली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. तारीख उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं बँक रेट ६.७५ टक्के होता. त्याच्या तिप्पट सव्वावीस टक्के. महिन्याच्या चक्रवाढीने वर्षाला ते बावीस टक्क्यांच्या वर जातं. वरच्या ११ लाख ८० हजारांवर वर्षभराचं हे व्याज होतं सुमारे २ लाख ६२ हजार.

पर्चेस ऑर्डरच्या, म्हणजे पीओच्या, मागच्या पानावर बारीक टायपात ‘पेमेंट ९० दिवसांनी’ असं छापलेलं असतं ना? त्या ओळीला या कायद्यापुढे किंमत नाही. करारात काहीही लिहिलं असलं तरी व्याज लागू होतं, असं कलम १६ सरळ म्हणतं. तुम्ही त्या पीओवर सही केली असली तरी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण ‘आपणच सही केलीय, आता काय बोलणार’ म्हणून गप्प बसलेले उद्योजक फार आहेत.

तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. महाराष्ट्रात विभागवार परिषदा आहेत, आणि २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल आल्यापासून घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवायला बघते, तो नाही झाला तर लवाद म्हणून निवाडा देते. ९० दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात प्रकरणं त्याहून खूप जास्त काळ पडून राहतात, आणि ही सरकारची चूक आहे, तिला दुसरं नाव नाही. पण एकदा निवाडा हातात आला की त्याला धार असते. ग्राहकाला तो न्यायालयात आव्हान द्यायचा असेल तर आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. निव्वळ वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्याला ही अट फार जड जाते.

एवढं सगळं असूनही वर्कशॉपवाला तक्रार करत नाही. का करत नाही, ते चाकणच्या कुठल्याही टपरीवर चहा पिताना कळतं. त्याचा साठ-सत्तर टक्के धंदा एकाच ग्राहकाकडून येतो. तक्रार केली की व्हेंडर कोड ब्लॉक होतो. परचेसवाल्यांची आपसात ओळख असते, ‘तो कोर्टकचेरीवाला आहे’ हे शेजारच्या कंपनीत पोचायला आठवडा लागत नाही. नवं टेंडर येतं तेव्हा फोन दुसऱ्याला जातो. अडकलेले अकरा लाख मिळवायला गेलं तर पुढच्या वर्षीचे एक कोटी जातात. त्याने गप्प बसायचं ठरवलं तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार मला नाही. तो हिशेबच करतोय, आणि हिशेब बरोबर आहे.

म्हणून माझं भांडण कायद्याच्या या मांडणीशीच आहे. हक्क दिला, व्याज दिलं, परिषद दिली. आणि सगळ्याची किल्ली मात्र त्याच माणसाच्या हातात ठेवली, ज्याला ती फिरवणं परवडत नाही. ज्या तरतुदीत छोट्याला तोंड उघडावं लागतं, ती तरतूद कागदावर राहते. जी तरतूद त्याने तोंड न उघडता चालते, तीच खरी वसुली करते.

पुरावा हवा? आयकर कायद्यात २०२३ च्या वित्त कायद्याने कलम ४३बी मध्ये (एच) हा खंड घातला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत तर ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी तो खर्च वजा मिळेल, तोपर्यंत त्यावर कर भरा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झालं. त्या मार्चमध्ये वर्षानुवर्षं ‘पासिंगला’ असलेली बिलं पास होऊ लागली. साहेबांना सही करायला वेळ मिळाला. व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली, इतकी त्याची झळ पोचली. कुठल्याही सप्लायरने तक्रार केलेली नव्हती. ग्राहकाचा ऑडिटर त्याच्या समोर बसून यादी मागत होता, बस्स.

पण या तरतुदीतही भोक आहे. ४५ दिवसांची मुदत मोडली, तरी त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले की खर्च त्याच वर्षी वजा मिळतो. म्हणजे मेमध्ये घेतलेल्या मालाचे पैसे फेब्रुवारीत दिले तरी आयकराच्या दृष्टीने काही बिघडत नाही. भीती फक्त ३१ मार्चची. मार्चमध्ये पेमेंटचा पाऊस आणि एप्रिलपासून पुन्हा दुष्काळ, हे चक्र आता बसत चाललंय. शिवाय ही तरतूद सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरती आहे, मध्यम उद्योग तिच्यात येत नाहीत. व्यापारीही बाहेर. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीच्या कायद्याचा आधार त्यांना नाही. ट्रेडिंग करणाऱ्याने आपल्याकडे उद्यमचं सर्टिफिकेट आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

जीएसटीतही असाच एक दात आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर ग्राहकाने घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करायचं. दात चांगला आहे, पण १८० दिवस! सहा महिने! ४५ दिवसांचा कायदा करणारं सरकार आणि १८० दिवसांची सूट देणारं सरकार एकच आहे, हे मला पटत नाही आणि पटून घ्यायची इच्छाही नाही.

तिसरी गोष्ट ट्रेड्सची. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे मंच २०१७ पासून सुरू आहेत. ग्राहकाने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, सप्लायरला थोडी कपात होऊन लगेच पैसे मिळतात, आणि पुढे ग्राहकाने पैसे बुडवले तर बँक सप्लायरच्या मागे लागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करायला सांगितलं गेलं. नोंदणी झाली. पण नोंदणी करणं आणि बिल मान्य करणं यात मोठं अंतर आहे. मंचावर नाव असूनही तिथे बिल चढवू न देणारी कंपनी नियम पाळल्याचं सांगू शकते, आणि सप्लायरची बिलं आहेत तिथेच राहतात.

आता त्या ग्राहकाकडे येतो, जो नुसता थांबवत नाही, वाद उभा करतो. हा जास्त धोकादायक. सहा महिने माल वापरतो, त्यातून बनवलेली यंत्रं विकून मोकळा होतो, आणि तुम्ही जरा कडक मेल केलात की डेबिट नोट येते: माल निकृष्ट होता. हे रागाच्या भरात होत नाही, सल्ल्याने होतं. दिवाळखोरी कायद्याखाली नोटीस आली तर आधीपासूनचा वाद दाखवता आला पाहिजे. तो दाखवता आला तर अर्ज टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या मोबिलॉक्स प्रकरणात स्पष्ट केलं. न्यायालयाचा रोख खऱ्या वादाकडे होता. बाजाराने त्यातून शिकवण घेतली ती वाद तयार ठेवण्याची. आणि २४ मार्च २०२० ला या कायद्याची किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर गेली तेव्हापासून छोट्या सप्लायरसाठी ते दार जवळपास बंदच आहे. कोविडची ढाल म्हणून केलेला बदल कोविड गेल्यावरही तसाच आहे.

पण या डेबिट नोटवर एमएसएमईडी कायद्यात उत्तर आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं कायदा धरतो. सोळाव्या दिवसापासून ‘माल खराब होता’ म्हणत पैशांची तारीख पुढे ढकलता येत नाही. म्हणून चलनावरची तारीख महत्त्वाची. गेटवरच्या वॉचमनने मारलेला शिक्का महत्त्वाचा. ‘माल मिळाला’ एवढा एक व्हॉट्सॲप मेसेजसुद्धा महत्त्वाचा. बिल पोचल्याची पोच घेणं हा अविश्वास नव्हे, ते तुमच्या कामाचं शेवटचं ऑपरेशन समजा. आणि ग्राहकाने तुमच्या बिलावर टीडीएस कापून भरला असेल, तो तुमच्या आयकराच्या २६एएस विवरणात दिसत असेल, जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर त्याचे प्रिंट काढून फाइलला लावा. क्रेडिट घेताना माल चांगला होता आणि पैसे देताना खराब झाला, हे परिषदेसमोर बसून समजावून सांगणं कुठल्याही वकिलाला अवघड जातं.

जॉबवर्क करणाऱ्यांसाठी आणखी एक जुनं हत्यार आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७०. ग्राहकाच्या मालावर तुम्ही कसब लावून काम केलंत, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो माल अडवून ठेवायचा हक्क तुम्हाला आहे, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर. पण हा हक्क त्याच मालापुरता आहे. मागच्या लॉटच्या बिलासाठी पुढचा लॉट अडवता येत नाही, आणि माल एकदा गेटबाहेर गेला की हक्क गेला. ग्राहकाची डाय किंवा पॅटर्न ‘पैसे मिळेपर्यंत देत नाही’ म्हणून ठेवून घेणारे बरेच आहेत. ते या कलमात नीट बसत नाही आणि उलट पोलिस तक्रार अंगावर येऊ शकते. राग समजतो, पण सापळ्यात पाय घालू नका.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बिल थकलं म्हणजे फसवणूक झाली असं नाही. सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवता आलं तरच गुन्हा, नाहीतर तो दिवाणी वाद, आणि ठाण्यातून तसंच सांगून परत पाठवतात. चेक घेतलेला असेल आणि तो परत आला तर गोष्ट वेगळी. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर ग्राहकाला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. या तारखा मोडल्या की चांगला खटला हातचा जातो. आणि ‘वसुली करून देतो’ म्हणणाऱ्या दंडधारी मंडळींच्या नादी लागून आपलं खरं येणं खोट्या बाजूला नेऊ नका.

तारखांमध्ये सगळ्यात मोठी तारीख तीन वर्षांची. दिवाणी दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं. गोड बोलणारा ग्राहक ही तीन वर्षं गोड बोलण्यातच घालवतो. परिषदेकडे गेलात तर मुदतीचा प्रश्न नाही, अशी समजूत होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितलं, समेटासाठी मुदत आड येत नाही, पण लवादासाठी येते. म्हणजे जुनी थकबाकी घेऊन गेलात तर परिषद बोलणी करून देईल, निवाडा मिळेलच असं नाही. यावर सोपा उपाय दर एप्रिलला लेजर पाठवून बाकी कबूल असल्याची सही-शिक्क्यानिशी कन्फर्मेशन घेण्याचा. मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्याने सुरू होतात. ग्राहकाला हे कागद नेहमीचे वाटतात, ऑडिटसाठी तोही मागतो, त्यामुळे संबंध बिघडत नाहीत. न भांडता करता येणाऱ्या गोष्टींत हिच्याइतकी मोलाची दुसरी नाही.

आणि उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधी झालेली हवी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून परिषदेकडे धावणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत आधीच्या पुरवठ्यासाठी संरक्षण नाकारलं. पुढे २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, पण त्या भरवशावर राहायचं कारण नाही. नोंदणी फुकट आहे. सरकारी पोर्टलवर होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. फक्त कारखानदारांसाठीच नाही, सेवा देणाऱ्यांसाठीही आहे. डिझायनर, भाषांतरकार, कॅटरिंगवाल्या ताई, ट्रान्सपोर्टवाले, सॉफ्टवेअर करून देणारी तीन मुलांची कंपनी, सगळ्यांनी ती आजच करावी आणि नंबर बिलावर ठळक छापावा. बिलावरचा तो नंबर बघून ग्राहकाच्या ऑडिटरचं काम सुरू होतं. तुम्हाला फोनसुद्धा करावा लागत नाही.

नवा मोठा ग्राहक मिळाल्याच्या आनंदात त्याचा ताळेबंद बघायला विसरू नका. कंपनी असेल तर तो सरकारी नोंदीत असतो, थोडी फी भरून कुणालाही बघता येतो. २०२१-२२ पासून कंपन्यांना त्यात सप्लायरची देणी किती जुनी आहेत ते वयोगटाने दाखवावं लागतं: वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन, त्याहून जुनी, लघुउद्योगांची वेगळी, वाद असलेली वेगळी. हा तक्ता दहा मिनिटांत वाचून होतो. तीन वर्षांपूर्वीची देणी तिथे साठलेली दिसत असतील तर त्या ओळीत पुढच्या वर्षी तुमचं नाव असेल. अॅडव्हान्स मागा. तो नाही म्हणाला तर ऑर्डर सोडा. रिकामं मशिन महाग पडतं हे खरं, पण फुकट चाललेलं मशिन त्याहून महाग पडतं.

इथे एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. मोठ्या कंपनीने फाउंड्रीचे पैसे थांबवले की फाउंड्रीवाला मशिनिंगवाल्याचे थांबवतो, मशिनिंगवाला पॅटर्नवाल्याचे, पॅटर्नवाला लाकूडवाल्याचे. ‘वरून आले की देतो.’ वरचा कायदा मोडतो म्हणून आपण खालच्याशी कायदा मोडला, तर आपल्यात आणि वरच्यात फरक फक्त आकाराचा राहिला. छोट्याचे पैसे आधी द्यायचे, हे व्रत पाळणारे उद्योजक कोल्हापुरात आहेत, इचलकरंजीत आहेत, नगरमध्ये आहेत. त्यांना माल वेळेवर मिळतो, अडीनडीला रात्री मशिन चालवून देणारी माणसं मिळतात. ही प्रतिष्ठा कुठल्याही रेटिंग एजन्सीच्या कागदापेक्षा मला मोठी वाटते.

सरकारकडे मागणं आहे, आणि ते नवं नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्येच सुचवलं होतं की ठरावीक रकमेवरची लघुउद्योगांची बिलं एका माहिती केंद्रात सक्तीने चढवली जावीत, आणि मुदत उलटली की न देणाऱ्या ग्राहकाचं नाव तिथे आपोआप दिसावं. आपोआप, हा त्यातला जीव. तक्रारदार नाही, अर्ज नाही, परचेसवाल्याचा राग नाही.

तेव्हा कुणी म्हणू शकलं असतं की इतकी बिलं गोळा कशी करणार. आज ती सबब उरलेली नाही. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांचं प्रत्येक व्यावसायिक बिल ई-इनव्हॉइस म्हणून सरकारी पोर्टलवरून जातं. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर ग्राहक आलेलं बिल स्वीकारतो किंवा नाकारतो. सप्लायर लहान आहे का ते उद्यमच्या नोंदीत आहे. म्हणजे कुणी कुणाला काय विकलं, कधी विकलं आणि ग्राहकाने ते मान्य केलं का, हे सगळं सरकारला कळतं. फक्त पैसे दिले का, हा एक रकाना जोडायचा राहिलाय. तो जोडा. ज्याने बिल मान्य करून क्रेडिट घेतलं त्याला नंतर मालाची तक्रार करता येणार नाही असं स्पष्ट लिहा. १८० दिवसांचे ४५ करा. ४३बी(एच) ची भीती फक्त मार्चपुरती ठेवू नका, उशिराच्या प्रत्येक दिवसाचं व्याज ग्राहकाच्या कराच्या हिशेबात आपोआप उभं राहू द्या.

आणि तोपर्यंत एक काम उद्या सकाळी करता येण्यासारखं आहे. ज्या कंपन्यांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या वर थकवलेत, त्यांना २०१९ पासून दर सहामाहीला एमएसएमई-१ हा फॉर्म भरावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबरचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. त्यात थकलेली रक्कम लिहायची असते आणि उशिराचं कारणही द्यायचं असतं. ही माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाने एका जागी मांडावी. कंपनीचं नाव टाकलं की रक्कम आणि कारण समोर यावं, कुणालाही, फुकट, मराठीतून सुद्धा. कंपन्यांनी ती स्वतःच्या सहीने दिलेली आहे.